वखारीतली पद्मिनी



इंदापूरच्या एका वाचकबंधूंचे पत्र या महिन्यात आले. घरी भुसार मालाचा तीन पिढ्यांचा व्यापार. त्यांच्या वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार वखारीच्या मागील बाजूस बरीच वर्षे उभी आहे. वडील आता हयात नाहीत. भंगारवाल्याने वजनाच्या हिशेबाने रक्कम सांगितली आहे. मुलाचे म्हणणे मात्र निराळे: ही गाडी दुरुस्त करावी आणि तिनेच रोज बारामतीच्या दुकानी जावे-यावे. पत्राच्या अखेरीस त्यांनी विचारले आहे, "हा व्यवहार म्हणावा की हौस? आणि हौस असेल, तर ती आपल्यासारख्यांच्या घरात शोभते का?"

प्रश्न एका घराचा दिसत असला तरी बारामती-इंदापूर परिसरातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या आवारात अशी एखादी फियाट किंवा पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असेल. म्हणून उत्तर जाहीरपणे देत आहे.

प्रथम या गाडीचे आणि आपल्या तालुक्याचे नाते. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन त्यांनी आरंभ केला. पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी आणि १९४० साली बंगळूरला सुरू झालेला विमानांचा कारखाना अशी त्यांच्या उद्योगांची मालिका उभी राहिली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर त्यांनी तिशीच्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याच्याभोवती जे नगर वसले ते वालचंदनगर. भारतात मोटार तयार झाली पाहिजे हा ध्यासही त्यांचाच. त्यासाठी ते अमेरिकेला गेले, तेथील कारखानदारांशी बोलणी केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार केला. युद्धकाळात इंग्रज सरकारने या उद्योगाला हात दिला नाही, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदजींचे निधन झाले. फियाट ११०० ही मोटार भारतीय रस्त्यांवर रुळली ती त्यानंतर. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली. त्याच गाडीला १९७०च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले.

म्हणजे ज्या गृहस्थाने वालचंदनगर वसविले, त्यांच्याच कंपनीची ही गाडी. वालचंदनगरला पाहुणे आले की आपण कारखाना अभिमानाने दाखवतो आणि वखारीतल्या गाडीवर मात्र रिकामी पोती रचून ठेवतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तथापि केवळ अभिमानापोटी पैसा घालावा असे मी म्हणणार नाही. अभिमानावर चाके फिरत नाहीत. म्हणून आता हिशेबाकडे वळू.

आधी कागद, मग पाना

पुष्कळ जण प्रथम मेकॅनिकला बोलावतात. व्यापाऱ्याने प्रथम कागदपत्रे पाहावीत. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर जसे निर्बंध आले तसे आपल्या जिल्ह्यात नाहीत. नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरून खाजगी पेट्रोल गाडी रस्त्यावर ठेवता येते. परंतु हे आता स्वस्त राहिलेले नाही. २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क वाढले, आणि २०२५ च्या सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये झाले आहे. नूतनीकरणास उशीर झाल्यास प्रत्येक महिन्यामागे ५०० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. बरीच वर्षे नूतनीकरण न झालेल्या गाडीची थकबाकी किती निघते हे बारामतीच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे 'एमएच ४२' च्या कचेरीत, आधी जाऊन विचारावे. हा आकडा हाती येईपर्यंत एक बोल्टही खोलू नये.

पत्रलेखक बंधूंच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. नोंदणी दिवंगत वडिलांच्या नावे आहे, म्हणून प्रथम वारसाच्या नावे हस्तांतरण (नमुना ३१) आणि त्यानंतर नूतनीकरण (नमुना २५). भावंडे असतील तर सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. वडिलांच्या एका गाडीवरून भावाभावांत अढी पडावी, एवढे कोणत्याही मोटारीचे मोल नाही. सांगाड्यावर कोरलेला चॅसिस क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. पूर्वी कधी इंजिन बदलले असेल आणि नोंद केली नसेल, तर तो दोष आपल्या काळात उघडा पडतो.

बाहेरून जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर क्रमांक ताडल्याशिवाय इसारही देऊ नये. मुंबईत अनेक वर्षे टॅक्सी म्हणून राबलेली पद्मिनी रंग बदलून 'घरगुती गाडी' म्हणून विकली जाऊ शकते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली. टॅक्सीचे आयुष्य ज्या सांगाड्याने सोसले, त्याच्याकडून पुन्हा रोजच्या वापराची अपेक्षा ठेवताना दोनदा विचार करावा.

'व्हिंटेज' नोंदणीचा मोह

५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. त्यांत 'व्हीए' अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांसाठी. ऐकायला हे मानाचे वाटते, म्हणून अनेकांना त्याचा मोह पडतो. परंतु त्याच नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर चालवता येणार नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. १९७४-७५ च्या पद्मिनींना आता ५० वर्षे होऊन गेली. ज्यांना रोज दुकानी जायचे आहे, त्यांनी या मानाच्या पाटीपासून दूर राहून साधी नोंदणीच चालू ठेवावी. मानाची पाटी घेतली आणि गाडी दारात बसली, असे होऊ नये.

विम्याच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ५ वर्षांहून जुन्या गाडीचे विमा-मूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीची बिले आणि छायाचित्रे दाखवून ते योग्य ठरवून घ्यावे. नाहीतर भंगाराच्या किमतीचा विमा पदरात पडतो. आणि इंजिन बदलून दुसऱ्या कंपनीचे बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार त्यास पूर्वपरवानगी लागते हे विसरू नये.

गंज हाच खरा सावकार

पद्मिनीचे इंजिन साधे आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, सुमारे ४० अश्वशक्ती, कार्बोरेटर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. ते समजणारे वस्ताद आजही भेटतात आणि त्याचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ला, ऑपेरा हाऊस भागात शोधल्यास मिळतात. इंजिनाची भीती बाळगू नये. भीती बाळगावी ती गंजाची.

या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चौकट नाही. खालचा पत्रा, दारांखालचे उंबरे आणि वरचे अंग मिळून तिचा सांगाडा होतो. म्हणून उंबऱ्याला लागलेला गंज हा रंगाचा प्रश्न नसून गाडीच्या कण्याचा प्रश्न आहे. पायाखालची रबरी चटई उचलून पाहावी. डिकीतील स्टेपनीची जागा, बॅटरीची तबकडी, जॅक लावण्याची ठिकाणे आणि दारांची तळकड तपासावी. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. सावकाराचे व्याज जसे रात्रीही चालते, तसा गंज गाडी उभी असतानाही वाढतो. उंबरे आणि खालचा पत्रा दोन्ही गेलेले असतील, तर डेंटरची मजुरी खरेदीच्या किमतीला सहज मागे टाकते. अशा गाडीचा नाद सोडणे हेच शहाणपण. पत्रा शाबूत असेल, तर बाकी सर्व दुरुस्त होते.

कामाचा क्रम

आपल्याकडे अशी रीत पडली आहे की, प्रथम रंग आणि क्रोम, मग आसने, मग संगीत, आणि पैसे उरले तर ब्रेक. क्रम नेमका उलटा हवा.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक दिवस थांबावे, मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. जुने पेट्रोल आणि ऑइल पूर्ण काढावे, टाकी उतरवून आतून धुवावी.

त्यानंतर पहिला खर्च ब्रेकचा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, त्यांची रबरे, लवचीक नळ्या आणि लायनर सर्व नवे घालावे. तेथे काटकसर करू नये. दुसरा खर्च स्टिअरिंगचे सांधे आणि टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वर्षांनी कडक होते. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती वाचावी. तिसरा खर्च थंडाव्याचा. इंदापूरकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून रेडिएटर उघडून साफ करावा, पाण्याचा पंप आणि होज नवे घालावेत. चौथा विजेच्या तारांचा. जुन्या तारांचे आवरण तडकते आणि आग तेथूनच लागते. इंजिनाचे हेड उघडावे लागलेच तर व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवून घ्याव्यात. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे, आणि ते पेट्रोल २००० सालापासून देशात बंद झाले आहे.

रोजच्या वापरासाठी काही बदल मूळ रूपाला धक्का न लावता करता येतात. पुढे-मागे सीट बेल्ट, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रिले घातलेले दिवे. काढलेले मूळ भाग पेटीत चिठ्ठी लावून ठेवावेत. आसनांसाठी कोणी चामड्याचा आग्रह धरला, तर आपल्या घरात तो प्रश्नच येत नाही. उत्तम रेक्झिन किंवा जाड कापड वापरावे.

रंग, क्रोम आणि बोधचिन्हे सर्वांत शेवटी. एकूण ठरवलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग आरंभी बाजूला काढून ठेवावा. गाडी खोलल्यावर जे निघते ते कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. कारागिराला एकरकमी आगाऊ रक्कम न देता कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी. गाडीची स्वतंत्र वही घालावी: तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. खतावणी ठेवणाऱ्या घरांना हे शिकवावे लागू नये. तरी आश्चर्य असे की, दुकानात पैचा हिशेब ठेवणारे गृहस्थ गॅरेजमध्ये गेले की चिठ्ठीही मागत नाहीत.

उसाचे पेट्रोल

आता आपल्या भागाशी निगडित असलेली एक गोष्ट. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातील काही वाटा उसापासून येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी ही कारखान्यांची गावे आपल्या नित्य परिचयाची आहेत. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे आपल्या बाजारपेठेच्या दृष्टीने चांगलेच झाले. परंतु पद्मिनी त्या इंधनासाठी घडवलेली नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि ठिसूळ करते, हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या टाकीतील साचलेला गाळ सोडवून कार्बोरेटरपर्यंत आणते. शिवाय लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन देतो, मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते आणि तापते. उपाय साधे आहेत. इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरे इथेनॉल सोसणारी घालावीत. टाकीनंतर फिल्टर बसवावा. जाणकाराकडून कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करून घ्यावा. गाडी फार दिवस उभी ठेवू नये. म्हणजेच रोजचा वापर हाच तिचा उत्तम औषधोपचार. उन्हाळ्यात इंजिनाजवळचा पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. जुने चालक पंपावर ओले फडके ठेवत असत. तो उपाय आजही चालतो. मात्र पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक पट्टी घातल्यास फडक्याची वेळ क्वचितच येते.

रस्ता आणि यतना

इंदापूर ते बारामती हा निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर असा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता. तुकोबांच्या पालखीचाही हाच मार्ग. येथे पद्मिनी ताशी ५०-६० च्या वेगाने सुखाने जाते. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे याहून वेगाने जाण्याचे कारणही नाही. सोलापूर महामार्गावर मात्र तिची परीक्षा होते. ड्रम ब्रेकची गाडी आजच्या गाडीइतक्या अंतरात थांबत नाही, तिला एअरबॅग नाही, आणि पुढे घुसणाऱ्या मोटारसायकलस्वाराला हे ठाऊक नसते. म्हणून अंतर दुप्पट ठेवावे, शक्यतो दिवसा प्रवास करावा. लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन लांबच्या यात्रेला जायचे असेल तर घरातील नवी गाडी काढावी.

आपल्या परंपरेत चालणे, बोलणे, ठेवणे, उचलणे प्रत्येक कृतीत 'यतना' सांगितली आहे. जुनी गाडी चालवणे म्हणजे चाकामागे बसून यतनेचा अभ्यासच होय. तेल पाहिल्याशिवाय निघायचे नाही, पाणी पाहिल्याशिवाय निघायचे नाही, पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही. ज्या तरुणाला रोज सकाळी ही पाच मिनिटे देणे जड वाटेल, त्याने ही गाडी घेऊ नये. वडीलधाऱ्यांनी मुलाची परीक्षा पाहायची असेल तर येथेच पाहावी: रंग कोणता द्यायचा हे तो किती उत्साहाने सांगतो याकडे दुर्लक्ष करावे, आणि ब्रेकच्या कामाला तो स्वतः गॅरेजमध्ये उभा राहतो की नाही ते पाहावे.

हौस की व्यवहार?

आता मूळ प्रश्न. केवळ पैशाच्या तराजूत तोलले, तर ही दुरुस्ती नफ्याची नाही. पद्मिनी एका लिटरमध्ये आजच्या छोट्या मोटारीइतके अंतर कापणार नाही. दुरुस्तीत घातलेला सर्व पैसा विक्रीतून परत येईल असे धरून चालणे हाही भ्रम आहे. 'पुढे भाव येईल' या हिशेबाने कोणी जुनी गाडी घेत असेल, तर त्याने ती रक्कम व्यापारात फिरवावी.

परंतु नव्या गाडीचे मूल्यही शोरूमच्या दारातून बाहेर पडताच घटू लागते, आणि हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालतात. पत्रा शाबूत असलेली, घरचीच गाडी, तिचा इतिहास ठाऊक, रोजचा रस्ता ५० किलोमीटरचा आणि मोठ्या प्रवासाला घरात दुसरी गाडी. एवढ्या अटी जुळत असतील, तर ठरवलेल्या मर्यादेत केलेला हा खर्च उधळपट्टी ठरत नाही.

आणि परिग्रहाचा मुद्दा. दोन-तीन जुन्या गाड्या रांगेत उभ्या करून पाहुण्यांना दाखवणे हा परिग्रहच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण वखारीत पोत्यांखाली कुजणारी, ना वापरायची ना सोडायची अशी वस्तू हादेखील परिग्रहच. उलट तो अधिक मोठा, कारण त्यात केवळ 'माझे' ही भावना उरते आणि उपयोग शून्य. वस्तू वापरात आणावी, नाहीतर तिच्यावरचा हक्क सोडावा; मधली अवस्था आपल्या शिकवणुकीत बसत नाही.

म्हणून पत्रलेखक बंधूंना माझे सांगणे असे: मुलाला घेऊन एक दिवस परिवहन कार्यालयात जा आणि थकबाकीचा आकडा काढा. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढून डेंटरकडून खालचा पत्रा तपासून घ्या. दोन्ही उत्तरे सोसण्यासारखी असतील, तर मुलाला मर्यादा ठरवून द्या, वही त्याच्याच हाती द्या आणि मग मागे ओढू नका. उंबरे गेलेले असतील, तर वाईट न वाटता गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, तेथून रीतसर प्रमाणपत्र घ्या आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द करून घ्या. तिचे स्टिअरिंग तेवढे ठेवून घेतले तरी चालेल. निर्णय कोणताही असो, तो या चातुर्मासापूर्वी करा. पावसाळ्याचे आणखी चार महिने मिळाले तर निर्णय गंजच करून टाकील.

जय जिनेंद्र.